चंपाषष्ठीपर्यंतचा नेम

आईने मोरीत वाकून पाहिलं. नाकाला पदर लावला नाही, तोंड वाकडं केलं नाही. सरळ निकाल दिला, “ही तर भेंडी. काल केलीवतीस व्हय?”

“परवा,” मी भिंतीला टेकून म्हणाले. “काल मी पाण्याशिवाय काही घेतलंच नाही.”

“परवाची?” ती आणखी खाली वाकली. “बिया बघ की, जशाच्या तशा हायत. म्हंजे दोन दिस ही आत काय करत बसलीवती?”

“बसलीच होती, आई. तेच तर दुखणं आहे.”

तिने बादलीभर पाणी ओतलं, खराट्याने मोरी घासली, हात धुतले आणि मग माझ्याकडे नीट पाहिलं. कऱ्हाडहून सकाळच्या एस.टी.ने सांगलीत येऊन तिला अजून तासही झाला नव्हता. पिशवी दारातच होती. ती शिंप्याची बायको, आणि वडील गेल्यावर स्वतःच दुकान चालवणारी. माणसाकडे बघायची तीसुद्धा मापं घेतल्यासारखी. माझ्या दंडांवरून, गळ्याखालच्या हाडांवरून तिची नजर फिरली.

“लग्नात चौतीस छाती व्हती तुजी,” ती म्हणाली. “आता अठ्ठावीस बी भरायची न्हाई.”

“बरं वाटलं ऐकून,” मी म्हणाले. मला हसायचं होतं, पण रडू आलं.

या गोष्टीला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते. एका शाळेत मराठी शिकवत होते आणि त्या वेळी लांबच्या रजेवर होते. दोन वर्षांपूर्वी एक साधा ताप आला, आठ दिवसांत गेला आणि जाताना माझं पोट घेऊन गेला. दोन घास खाल्ले की गच्च. तासाभराने मळमळ, रात्रभर ढेकर, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं जेवण जसंच्या तसं बाहेर. भूक म्हणजे काय असतं ते मी विसरूनच गेले. घड्याळ बघून जेवायला बसायचं, जसं घड्याळ बघून शाळेत जायचं.

औषधं सगळ्यांची करून झाली होती. ओवा झाला, हिंग झाला, बाळंतशेप झाली. बेंबी सरकलीय म्हणून एका बाईने पोट चोळून चोळून माझा जीव काढला. सासूबाई इस्लामपूरला असायच्या. त्यांचं मत असं की मी अन्नावर राग काढते. “नवऱ्याशी भांडण असंल तर तोंडानं भांड, ताटावर कशाला?” असं त्या मला भर पंगतीत म्हणाल्या होत्या. माझे यजमान दिनकरराव एस.टी.च्या कार्यशाळेत होते. इंजिन उघडल्याशिवाय बिघाडावर बोलायचं नाही, ही त्यांची सवय. त्यांनीच मला मिरजेच्या डॉक्टर मगदुमांकडे नेलं, आणि त्यांनी पुण्याला तपासणीला पाठवलं.

त्या तपासणीत मला इडली खायला दिली. इडलीत कसलंसं औषध घातलं होतं आणि दर तासाला यंत्राखाली उभं करून फोटो काढत होते. चार तासांनी निम्म्याहून जास्त इडली माझ्या पोटात तशीच बसून होती. इडली! लहान बाळाला आणि म्हाताऱ्याला देतात ती इडली. मला त्या फोटोची लाजच वाटली.

“पोट म्हणजे नुसती पिशवी नाही, शालनताई,” डॉक्टर मगदूम म्हणाले होते. “ते अन्न दळतं आणि थोडं थोडं पुढे ढकलतं. तुमचं ढकलणं मंद झालंय. तापाने नसा दुबळ्या झाल्या असाव्यात.”

“बरं कधी होईल?”

“पूर्ण बरं होईल असं मी म्हणत नाही. त्याच्याशी जमवून घ्यायला शिकावं लागेल. पण तुमचं वजन सदतीस आहे. डिसेंबरपर्यंत ते बेचाळीसच्या वर गेलं नाही, तर आतड्यात नळी घालून अन्न द्यावं लागेल.”

त्या दिवशी घरी आल्यावर दिनकररावांनी मला न विचारता कऱ्हाडला पत्र टाकलं. आणि आई आली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन स्वतः डॉक्टरांकडे गेली. गिऱ्हाइकाला विचारावं तसं तिने त्यांना विचारलं, “किती येळा आनि केवढ्या मापाचं?” डॉक्टरांनी सांगितलं. दिवसातून सहा वेळा, एका वेळी एक वाटी. मऊ शिजवलेलं, गाळलेलं. साल नको, बिया नकोत, रेषा नकोत, तेल-तूप नावाला. आधी अर्धा तास गोळी. एकेक घास सावकाश. खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही, थोडं चालायचं.

परतताना बसमध्ये आई म्हणाली, “त्यो काय नवीन सांगत न्हाई. दोरा दाटला की मशीन जोरात मारायची नसती. हातानं चाक फिरवायचं. एकेक टाका.”

घरी आल्यावर तिने पिशवीतून मलमलीचा तुकडा काढला, चौकोनी कापला, चारी बाजूंनी दुमडून हातशिलाई घातली. चाळणीवर तिचा विश्वास नव्हता. भोपळा, दुध्या, मुगाची डाळ, गाजर, सगळं गळेपर्यंत शिजवायची आणि त्या मलमलीतून पिळून काढायची. मऊ भात असा की चमच्यावरून ओघळावा. नाचणीची पेज. साय काढलेल्या दुधाचं ताक. सकाळी सातला पहिली वाटी, मग दर अडीच तासांनी एक. खाऊन झालं की मला उठवायची आणि आमच्या क्वार्टरच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायची. स्वतः मागून पावलं मोजायची. नव्व्याण्णवला मी थांबले तर पदराला धरून एक पाऊल पुढे ढकलायची.

पहिले पंधरा दिवस दोनदाच उलटी झाली. मी तिसरीची वाट बघत होते. ती आली नाही, आषाढी एकादशी आली.

त्या दिवशी सकाळी अंघोळ करून आईने देवापुढे सुपारी ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “शालन, औंदा मी नेम धरलाय.”

“वांग्याचा ना? तो दरवर्षीच असतो.”

आमचा खंडोबा. माहेरी आषाढी एकादशीला वांगं सुटतं ते चंपाषष्ठीला, मल्हारीला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा ताटात येतं. त्यात नवल काही नव्हतं.

“वांग्याचा हाईच. औंदा बाकीचं बी सोडलं. तू जे खाशील तेच, तेवढंच आनि तवाच. चंपाषष्ठीपतुर.”

“आई, वेड लागलंय का? तू चांगली धडधाकट बाई. वाटीभर पेजेवर कशी राहशील?”

“ऱ्हाईन की. तू ऱ्हातीस न्हवं?”

“मला दुसरं काही जात नाही म्हणून मी राहते!”

“नेम बोलून झाला,” ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्याकडे कुणी पानावरून अर्धपोटी उठायला लागलं तर चार हात आडवे येतात. घास घेतल्याशिवाय सोडत नाहीत, आई-बापाच्या शपथा घालतात. पण नेम म्हटला की सगळे हात मागे. दुसऱ्याचा नेम मोडायला लावणं म्हणजे पाप, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. दिनकरराव एवढंच म्हणाले, “मामी, झेपेल तेवढंच करा.” शेजारच्या कदमकाकूंनी तर आईला वाकून नमस्कार केला. “माय असावी तर अशी,” म्हणाल्या.

मी मात्र धुसफुसत होते. खरं सांगायचं तर मला त्या नेमाचा रागच आला होता. आजारी मी, आणि सगळ्या कॉलनीत कौतुक तिचं! रोज सहा वेळा ती माझ्यासमोर तीच वाटी, तीच पेज घेऊन बसायची, आणि माझ्यापेक्षाही हळू खायची. एक चमचा तोंडात घ्यायची, डोळे मिटायची, मग गरम पाण्याचा घोट. पुन्हा एक चमचा. माझी वाटी संपली तरी तिची निम्मी शिल्लक.

श्रावणातल्या एका दुपारी माझा तोल गेला.

“असं समोर बसून गिळून दाखवू नकोस मला,” मी म्हणाले. “मी काय बालवाडीत आहे?”

“डाक्टर म्हनला न्हवं, सावकाश.”

“मला म्हणाला. तुला नाही. तू आता गपचूप दोन भाकऱ्या खा आणि मला मोकळं कर. वाळत चाललीस ते लोकांना दिसतंय. उद्या काही झालं तर माझ्या माथी येईल. तुझ्या नेमाचं ओझं होतं मला!”

तिने चमचा वाटीत ठेवला. मला वाटलं रागावली. तर ती हसत होती.

“व्हतंय न्हवं ओझं? मग उचल. लवकर अंगाला लावून घे, तू भाकरी खाशील तवा मी बी खाईन.”

“ही धमकी आहे का?”

“व्हय. धमकीच हाय.”

आणि धमकी लागू पडली. माझा स्वभाव असा की प्रेमाने सांगितलेलं ऐकत नाही, पण कुणी माझ्यामुळे अडून बसलं की मला ते खपत नाही. त्या दिवसापासून मी एकही वाटी चुकवली नाही. मळमळलं तरी अर्धी घ्यायची, तासाने उरलेली अर्धी. कशाने त्रास होतो ते वहीत लिहायला लागले. वाटाण्याचं सूप चालत नाही, तांदळाचं चालतं. दुपारची वाटी जड जाते, सकाळची नाही. थंड सोसत नाही, कोमट सोसतं. माझ्या पोटाची मीच शिक्षिका झाले. मला बरं व्हायचं होतं ते माझ्यासाठी नव्हे, मला त्या बाईला एकदाची भाकरी खायला घालायची होती.

मध्ये एकदा घसरले. गौरी जेवायच्या दिवशी कदमकाकूंनी पुरणपोळी आणून दिली आणि आई बाहेर होती. वासाने मोह झाला. अर्धी खाल्ली, वर तूप घालून. तीन दिवस त्याची शिक्षा भोगली. मिळवलेले दोन किलो गेले. आईने एका शब्दाने बोल लावला नाही. मोरी धुतली आणि म्हणाली, “उसवलं तर उसवलं. फिरून घालू टाके.” तिने स्वतःही तीन दिवस माझ्याबरोबर नुसतं मुगाचं पाणी घेतलं. नेम म्हणजे नेम.

दसऱ्याच्या सुमाराला तिचा आवाज बसला. घोगरा झाला तो झालाच. पाणी पिताना ठसका लागायचा.

“काय गं हे?” मी विचारलं.

“फोडनीचा ठसका.”

मी मान डोलावली. चार महिने आमच्या घरात फोडणी पडलीच नव्हती. दिनकरराव त्यांचं जेवण कार्यशाळेच्या कँटीनमध्ये उरकून यायचे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी शिक्षिका, मुलांच्या वहीतला काना-मात्रा मला चुकत नव्हता. पण मला त्या दिवसांत फक्त काटा दिसत होता, वजनाचा. एकोणचाळीस. साडेचाळीस. दिवाळीच्या पाडव्याला एक्केचाळीस.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिरजेला गेलो. काट्यावर चढताना मी चप्पल काढली, बांगड्या काढल्या, मंगळसूत्रसुद्धा काढून आईच्या हातात दिलं. मला फुकटचा एक ग्रॅम नको होता. काटा त्रेचाळीसवर थांबला.

“आता नळीचं नाव काढायचं नाही,” डॉक्टर मगदूम म्हणाले. ते उठून आईकडे गेले. “हे तुमचं श्रेय, आजी.”

“माजं काय. मल्हारीचं,” आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. पदराने डोळे पुसत होती.

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “तुम्ही बऱ्याच वाळलात. एकदा तपासून घेऊ या का?”

“नेम हाय, डाक्टर. पोरीसंगं पेजंवर हाय मी. षष्ठीला सुटतोय.”

आणि एवढा शिकलेला माणूस, त्यानेही तिला हात जोडले.

चंपाषष्ठीला सगळा स्वयंपाक मी केला. दोन वर्षांत पहिल्यांदा ओट्याशी एवढा वेळ उभी राहिले. दिनकररावांनी बाजारातून भरताची मोठी वांगी आणली होती. गॅसवर भाजली, साल करपून तडतडली, घरभर वास सुटला. मला त्या वासाने मळमळलं नाही, उलट बरं वाटलं. कांद्याची पात घातली, मिरचीचा ठेचा घातला, शेंगदाण्याचं कूट घातलं. बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. आई दारात पाटावर बसून बघत होती आणि माझ्या भाकरीला नावं ठेवत होती.

“कड जाड ऱ्हायली गं.”

“खाणाऱ्याने बोलू नये.”

“खानाऱ्यानंच बोलायचं असतंय. बाकीच्यांना काय त्येचं?”

तळी भरली. भंडारा उधळला. तिघांनी ‘येळकोट येळकोट, जय मल्हार’ म्हटलं, त्यात आईचा आवाज ऐकूच आला नाही. नैवेद्य दाखवून मी तिचं पान वाढलं. भाकरी, भरीत, वर लोण्याचा गोळा. स्वतः समोर बसले माझी वाटी घेऊन. दिनकरराव शेजारी.

आईने भाकरीचा तुकडा मोडला. भरतात बुडवला. बोटांनी कुस्करत राहिली.

“घे की,” मी म्हणाले.

“घेते. जरा दूध दे, त्यात कुस्करून खाते.”

“दुधात कशाला? पाच महिन्यांनी भरीत आलंय ताटात. दुधातली भाकरी तर मीसुद्धा खाईन आता.”

“कालवून खाल्लं काय आनि कोरडं खाल्लं काय.”

“नाही. आज माझ्या हातचं आहे, नीट खायचं. तू मला पाच महिने एक वाटी चुकवू दिली नाहीस.” मी हट्टालाच पेटले होते. इतक्या महिन्यांचा सगळा आनंद माझ्या त्या हट्टात आला होता. मी तिच्या हातातला घास घेतला, त्याला चांगलं भरीत लावलं आणि तिच्या तोंडाशी नेला. “माझी शपथ आहे.”

दिनकरराव म्हणाले, “अगं, दमानं.”

आईने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. घास चावला. खूप वेळ चावला. गिळला. मी टाळी वाजवणार होते. तेवढ्यात तिने छातीवर मूठ दाबली. डोळे मोठे झाले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर पाणी नाकातून परत आलं. ती भिंतीला धरत उठली आणि मोरीकडे धावली. मी तिच्या मागे.

बऱ्याच वेळाने घास पडला. फेसाळ लाळेत भाकरीचा तुकडा, पातीचे हिरवे तुकडे. मी वाकून बघितलं. दोन वर्षं मी उलट्यांबरोबरच संसार केला होता, त्यातलं मला कुणी शिकवायला नको होतं. पोटातून परत आलेल्या अन्नाला आंबट वास असतो. याला कसलाच वास नव्हता. भरताचा होता तेवढाच. हा घास पोटापर्यंत गेलाच नव्हता.

“आई,” मी म्हणाले, “हे कधीपासून?”

“जरा ठसका लागला.”

“खोटं बोलू नकोस. कधीपासून खाली उतरत नाही?”

ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. धापा टाकत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “पेज उतरत व्हती की. आठ दिस झालं, ती बी नको म्हनतीया.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला आदी उबी करायची व्हती. दोघी एकदम पडलो असतो तर जावईबापू कुनाकुनाला बगनार?”

मी तिला ओरडले. हे मी कुणाला सांगत नाही, पण मी त्या वेळी तिला जवळ घेतलं नाही, ओरडले. म्हणाले, तू मला फसवलंस, तू देवाच्या नावाने मला फसवलंस. दिनकररावांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. आईचं पान तसंच वाढलेलं होतं. लोणी वितळून भाकरीवर पसरलं होतं.

दवाखान्यात नेण्यासाठी मी तिचं लुगडं बदललं, तेव्हा तिच्या चोळीची गाठ सोडली आणि आतून शिवणी बघितल्या. दोन्ही बगलांना एकाशेजारी एक चार-चार टिपा मारलेल्या. दर महिन्याला एक असावी. अंगावरचा कपडा ढगळ झाला की माणूस वाळल्याचं लोकांना दिसतं. तिने ढगळ होऊच दिला नव्हता. मी तिच्या बरगड्या मोजू शकत होते, आणि रोज सहा वेळा मी तिच्यासमोर बसत होते.

अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टर मगदुमांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि बाहेर येऊन आमच्याशेजारी बाकावरच बसले. “पसरलीय,” म्हणाले. “पाच-सहा महिन्यांची तरी असेल. नक्की सांगता येत नाही. आवाज बसला तेव्हाच...” त्यांना आपले जोडलेले हात आठवत असावेत. मलाही आठवत होते, पण मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? पोटात नळी घालून अन्न देता येईल असं त्यांनी सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“भोकं पाडून जगवू नका,” ती म्हणाली. “माजं काम झालंय. घरी न्या.”

ती त्यानंतर एक्केचाळीस दिवस होती. कऱ्हाडची मावशी अजूनही चारचौघांत सांगते की अनुसयेचा, म्हणजे आईचा, नेम पावला, लेकीचं दुखणं तिने अंगावर घेतलं. बायका डोळे पुसतात. मी तिथून उठून जाते.

मला त्या दिवसांतली एक दुपार सांगायची आहे. दवाखान्यातून आणून आठवडा झाला असेल. दिनकरराव कामावर होते. आई बाहेरच्या खोलीत खाटेवर, उशांना टेकून बसलेली. तिला चमच्याने पाणी देत होते, त्यातलं निम्मं हनुवटीवरून ओघळत होतं. मी ते पुसत होते. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवर आला होता. ती शांत होती. मला राहवेना.

“आई, एक विचारू? खरं सांगशील?”

“इचार.”

“नेम आधी धरलास, की घास आधी अडकला?”

तिने डोळे उघडले. मला वाटलं आता सांगेल. मला कुठलं उत्तर हवं होतं तेही मला कळत नव्हतं. नेम आधी असेल, तर माझ्यासाठी पेजेवर राहता राहता तिला आपलं दुखणं कळलंच नाही. घास आधी अडकला असेल, तर तिला सगळं कळत होतं आणि तिने मला निवडलं. दोन्हींत मी सुटत नव्हते.

“आता त्येचं काय लोनचं घालायचंय?” ती म्हणाली.

“मला कळायला हवं.”

“तुला भूक लागलीया का?”

“विषय बदलू नकोस.”

“भूक लागलीया का, त्ये सांग.”

मी सवयीने नाही म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मग माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून बरगड्यांच्या खाली काहीतरी कुरतडतंय आणि ते दुखणं नाही. मळमळ नाही. मघापासून माझं मन स्वयंपाकघरातल्या दुरडीकडे जात होतं, सकाळी दिनकररावांसाठी केलेल्या भाकरीकडे. अडीच वर्षांत मला पहिल्यांदा भूक लागली होती. माझी आई समोर उपाशी मरत होती आणि मला भूक लागली होती. मला माझी किळस आली.

“नाही,” मी म्हणाले.

“डोळं सांगत्यात तुजं. मी काय परकी हाय?”

“लागलीय,” मी म्हणाले आणि रडायला लागले. “लागलीय गं.”

“मग आन हितं. माज्या म्होरं बस.”

“तुझ्यासमोर नाही खाववणार मला.”

“न खायाला काय झालं? पाच म्हैनं दुसरं काय केलं मी?” तिला धाप लागली, थोडं थांबली. “जा. मला बगू दे.”

मी आत गेले. पाव भाकरी दुधात कुस्करली, मऊ केली, कड काढून टाकली. वाटी घेऊन तिच्या खाटेशी जमिनीवर बसले. पहिला घास घेतला. बत्तीस वेळा चावला, तिने शिकवल्यासारखा. गिळला. तो सरळ खाली गेला.

मी मान वर केली. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, आणि मी गिळलं की तिचाही गळा हलत होता.

वाटी संपली. पोटाने काही तक्रार केली नाही.

“आनि घे,” आई म्हणाली.

मी आणखी घेतली.